कौतिकअक्काचा आकडा

माझे वडील समोरच्या माणसाच्या मनातला आकडा ओळखतात, अशी तेव्हा सगळ्या देवपुरात त्यांची ख्याती होती. घरातल्या माणसांच्या मनातलं त्यांना काही म्हणजे काही ओळखता येत नसे, ही गोष्ट फक्त आम्हाला ठाऊक होती, आणि बाहेर सांगून कुणी विश्वास ठेवला नसता. आबा शाळेत गणित शिकवत. बुटके, काळेसावळे, शर्टाच्या खिशाला कायम खडूची पांढरी कड. वर्गात शिरल्यावर ते हजेरी घेत नसत, पुस्तक उघडत नसत. पहिल्या बाकावरच्या एखाद्या घाबरट पोराला उभं करून विचारत, "तुझा कुठला आकडा वेडावाकडा येतो रे?" पोरगा म्हणे, "सात, सर." मग आबा फळ्यावर एकापासून नऊपर्यंत आकडे ओळीनं लिहीत, त्यातला आठ तेवढा गाळत, आणि म्हणत, "याला त्रेसष्टनं गुण. सात वळणदार यायला लागेल." पोरगा घाम पुसत गुणाकार करी आणि शेवटी फळ्यावर साताच्या मागे सात, ओळीनं नुसते सातच उभे राहत. वर्ग आरडाओरडा करी. शेजारच्या वर्गातले इतिहासाचे सर दारात येऊन बघून जात. आबांचा असा ठाम विश्वास होता की, एकदा पोराचे डोळे असे विस्फारले की त्याच्या तोंडून आपोआप 'असं का होतं?' हा प्रश्न येतो, आणि तो प्रश्न आला की गणित सुरू होतं. पोरं मात्र म्हणत, "सर, आणखी एक."

हा प्रयोग माझ्यावरही झाला होता. माझा चार वाकडा येई. आबांनी मला ओट्यावर बसवून तोच गुणाकार छत्तीसनं करायला दिला. माझ्या उत्तरात चार आकडे चार होते, बाकीचे सगळे पाहुणे. आबांनी पुन्हा करायला सांगितला, तेव्हा पाहुणे वाढले. आई स्वयंपाकघरात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. तिच्या बांगड्यांचा आणि थापण्याचा एका लयीतला आवाज थांबला आणि आतून ती म्हणाली, "राहू द्या ना. गावभरच्या पोरांना शहाणं केलं, एखादी घरात राहिली अशी तर काय बिघडतं?" सगळ्या तालुक्याला गणिताची गोडी लावायला निघालेल्या माणसाची एकुलती एक मुलगी गणितात काठावर पास होत होती, आणि काठ नेहमीच तिच्या बाजूला असे असंही नाही. हातचा ही गोष्ट मला का कोण जाणे लक्षातच राहत नसे. एका खान्यातून उसना घेतलेला किंवा पुढच्या खान्यात न्यायचा तो एक, माझ्याकडून वाटेतच कुठंतरी सांडून जाई.

आमच्या घरात देव्हारा नव्हता. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच तो उचलून पांझरा नदीत सोडून दिला होता, आणि त्याच्या जागी आबांनी फळी ठोकून पुस्तकं लावली होती. अंगारा, गंडा, नवस, अंगात येणं या गोष्टींचं नाव काढलं तरी आबांचा आवाज चढे. आईचं माहेर भडगावचं. तिकडून कुणी पाहुणा येऊन कुठल्या बाबाची गोष्ट सांगू लागला की आबा ताटावरून उठतील या भीतीनं आई त्याच्या पानात घाईघाईनं आणखी भरीत वाढी, म्हणजे त्याचं तोंड तरी भरलेलं राहील. खरं तर आबा ह्या गणिताच्या जादू दाखवत त्या दोन कारणांसाठी. एक म्हणजे पोरांना गोडी लागावी. आणि दुसरं, जादू दाखवून झाली की ती उलगडून सांगावी, म्हणजे चमत्कार म्हणून काही नसतं, हे पोरांच्या डोक्यात लहानपणीच बसावं. आता या वयात मला वाटतं, आबांची चूक एवढीच होती की, लोक चमत्कार बघायला थांबतात आणि उलगडा सुरू झाला की चपला शोधायला लागतात, हे त्यांच्या हिशेबात धरलेलं नव्हतं.

त्या काळात मटक्याचं वेड जोरात होतं. संध्याकाळी पानटपरीवर माणसं आकड्याची वाट बघत उभी राहत. मनातला आकडा ओळखणारे मास्तर आपल्याच आळीत राहतात, हे या मंडळींच्या कानावर जायला वेळ लागला नाही. एक दिवस एक गृहस्थ आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि हात जोडून म्हणाले, "सर, सगळं नको. शेवटचा तेवढा सांगा." आबांनी त्यांना समजावलं. ते हलेनात. आबा संतापून ओरडले, "तुम्हाला दोनदा सांगितलं, तीनदा सांगणार नाही!" गृहस्थांनी वाकून नमस्कार केला आणि घाईनं निघून गेले. त्यांनी दोन आणि तीन लावले, आणि ते आले. त्यानंतर आमच्या ओट्याला उसंत राहिली नाही. आबा शिंकले तरी लोक मोजत. आबा गप्प बसले तर ते शून्य समजलं जाई. आई पाणी शिंपडून ओटा ओला ठेवू लागली, तर लोक ओल्या ओट्यावर उकिडवे बसत. "यास्ले घरनास्ना मनमानं कळत नही, नि गावना मनमानं कळस," असं ती माहेरच्या बोलीत स्वतःशीच म्हणे. रागावली की तिला शहरी मराठी पुरत नसे.

गोष्ट शाळेपर्यंत गेली. मुख्याध्यापकांनी आबांना खोलीत बोलावून दार लावून घेतलं आणि शाळेचं नाव, शिक्षकाची प्रतिष्ठा, संस्थेचे चालक काय म्हणतील, अशी चांगली झाडाझडती घेतली. आबा मान खाली घालून ऐकत होते. बोलून झाल्यावर मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला, आवाज खाली आणला आणि विचारलं, "अहिरे, आमच्या ताईच्या लग्नाचं या साली जमेल असं दिसतं का काही?" त्या दिवशी घरी आल्यावर आबा जेवले नाहीत. आईनं शेवभाजी केली होती, तिचा तवंग थंड होऊन गोठला.

अशातच सोनगीरच्या शाळेनं आबांना स्नेहसंमेलनाला बोलावलं. आबांना वाटलं, ही संधी आहे. सगळ्या गावासमोर जादू करायची आणि सगळ्या गावासमोर ती फोडायची, म्हणजे सगळा घोळच मिटेल. मीही बरोबर गेले होते. तिथल्या तांबट आळीतून भांड्यांवर हातोडी पडल्याचा ठण ठण आवाज येत होता तो आबांनी माइक हातात घेतला तसा थांबला. तांबटसुद्धा ऐकायला आले होते. आबांनी भर मंडपात लोकांना मनात संख्या धरायला लावली. तिची दुप्पट करा, त्यात दहा मिळवा, आलं त्याचं निम्मं करा, त्यातून मूळ संख्या काढून टाका. "प्रत्येकाच्या मनात आता पाच आहे," आबा म्हणाले. मंडपात आधी कुजबुज झाली, मग टाळ्यांचा कडकडाट. आबांनी हात वर करून लोकांना थांबवलं, "आता हे कसं झालं ते ऐका," असं म्हटलं, आणि वीज गेली. भोंगा बंद पडला. आबा तसेच ओरडून ओरडून समजावत राहिले, पण पुढच्या दोन रांगांपलीकडे त्यांचा आवाज गेला नाही, आणि पुढच्या दोन रांगांत बालवाडी होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कौतिकअक्का आमच्या ओट्यावर आली. उंच, हाडापेरानं मजबूत, नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. नवरा वारला होता. सोनगीर फाट्यावर हायवेला तिची चहाची टपरी होती, ट्रकवाले तिथं थांबत. ती आकडा विचारायला आली नव्हती. आबा शाळेतून येईपर्यंत ती गुपचूप बसून राहिली, आणि आई सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन फोडत बसली होती तर न सांगता तीही फोडू लागली. आबा आल्यावर ती उठून उभी राहिली.

"गुरुजी, मना पोऱ्या कोठे शे तेवढं सांगा. मी दुसरं काहीच मांगत नही."

तिचा मुलगा भिका दहावीला बसला होता. निकाल लागला त्या दिवशी तो शाळेत गेला आणि तिकडूनच नाहीसा झाला. कुणी म्हणे नाशिकला दिसला, कुणी म्हणे सुरतेला. तो कशात नापास झाला हे तिला माहीत नव्हतं. नापास झाला एवढंच कळलं होतं. तिनं विहिरी बघितल्या होत्या. पुन्हा खाली बसून हे सांगताना तिचा आवाज जराही बदलला नाही, हात शेंगा फोडत राहिले, आणि आईनं मात्र आपलं सूप बाजूला ठेवलं.

आबा तिच्यासमोर खाली बसले. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "अक्का, मला मनातलं काही कळत नाही. कळलं असतं तर तुमच्या भिकाचं आधी सांगितलं असतं."

"कळस तुम्हले. मी मंडपमा व्हती. मना मनमा पाचच उना."

"तो सगळ्यांच्याच मनात आला. तो कसा येतो तेच दाखवतो, बसा." आणि आबांनी सुपातले सोललेले दाणे मूठभर उचलून तिच्या हातात दिले. म्हणाले, "मूठ मिटा. आत किती दाणे आहेत?" ती म्हणाली, माहीत नाही. "मलाही नाही. हीच तुमच्या मनातली संख्या. आता दुप्पट करायची, म्हणजे तेवढेच दाणे दुसऱ्या मुठीत आहेत असं धरा. दोन मुठी झाल्या. त्यात मी वरून दहा दाणे दिले." त्यांनी दहा दाणे तिच्या पदरात टाकले. "आता निम्मं करा. काय उरलं?" अक्का दोन्ही मुठींकडे बघत राहिली. मग तिनं मानलेली डावी मूठ उघडली, पदरातले पाच दाणे बाजूला केले आणि म्हणाली, "एक मूठ. नि हाई पाच." "आता ही मूठही मला परत करा. तुमच्या मनातली संख्या काढून टाकली. काय राहिलं?"

"पाच," अक्का हळूच म्हणाली.

"मुठीत किती होते ते मला कळलं का?"

"नही."

"कळायची गरज होती का?"

आबांनी तिला सांगितलं की, दहाऐवजी चौदा दिले तर सात उरतील, सोळा दिले तर आठ. आपण वरून जे दिलं त्याचं निम्मं, बस. मग म्हणाले, आता तुम्ही माझ्यावर करून बघा. तिनं अडखळत आबांना संख्या धरायला लावली, दुप्पट करायला लावली, चौदा मिळवायला लावले, आणि शेवटी घाबरत घाबरत म्हणाली, "सात?" आबा म्हणाले, "बरोबर." तिनं आईवर केलं. माझ्यावर केलं. दर वेळी बरोबर आल्यावर तिचा चेहरा उजळत गेला. शेवटी ती गालावर हात ठेवून म्हणाली, "व माय! माले बी येस!"

आबांचा चेहराही उजळला होता. त्यांना वाटलं, समजलं. "यात सिद्धी-बिद्धी काही नाही, अक्का. नुसतं निम्मं आहे."

"निम्मं बी भलतं शे, गुरुजी," अक्का म्हणाली, आणि आबांच्या पायांना हात लावून शेवटची गाडी गाठायला निघून गेली. आई शेंगांचं सूप पुन्हा ओढून घेत एवढंच म्हणाली, "तुम्ही आज काय केलं ते तुम्हाला नंतर कळेल."

ते आम्हाला पावसाळा संपता संपता कळलं. शाळेतला एक शिपाई सोनगीरकडचा होता. त्यानं सांगितलं की फाट्यावर चहावाल्या कौतिकअक्काला मनातलं कळायला लागलं आहे. ट्रकवाले मुद्दाम थांबतात. एक जण तर माल भरलेली गाडी उभी करून अर्धा दिवस बसून राहिला. ती म्हणे कुणाकडून काही घेत नाही, फक्त मनातला आकडा ओळखून दाखवते आणि प्रत्येकाला सांगते की, वाटेत कुठं भिका नावाचा पोरगा भेटला तर त्याला सांगा, आईला सगळं कळतं. आबा हे ऐकून पांढरे पडले. ज्या गोष्टीच्या विरुद्ध आयुष्यभर बोलले, तिची एक शाखा त्यांनी स्वतःच्या हातानं हायवेवर उघडून दिली होती. येत्या रविवारी तिथं जायचं, लोकांसमोर तिला जादू करू द्यायची आणि लगेच ती फोडायची, असं त्यांनी ठरवलं. या वेळी भोंगा नाही, मंडप नाही, विजेचा संबंध नाही. प्रयोगाला ओळखीचं, विश्वासू माणूस हवं म्हणून मला बरोबर घेतलं. आईनं विचारलं, "हिलाच?" आबा म्हणाले, "साधी तोंडी बेरीज आहे."

फाट्यावर टपरीभोवती बरीच माणसं होती. लाकडी बाकांवर ट्रकवाले, खाली मातीत गावातली पोरं, एका बाजूला बायका. रॉकेलचा स्टो भरभरत होता. अक्कानं आबांना पाहिलं आणि तिचा चेहरा एवढा फुलला की, मला आमच्या येण्याचीच लाज वाटली. तिनं पदरानं बाक पुसला. सगळ्यांना सांगितलं, "हाई मना गुरुजी. यास्नीच माले दिन्हं." आबा म्हणाले, "अक्का, माझ्या मुलीच्या मनातलं ओळखून दाखवा. मग मला चार शब्द बोलायचे आहेत."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "धर बेटा, आकडा धर." आपण सोपा आकडा धरला तर लोक म्हणतील मास्तरांची पोर असून एवढंच, म्हणून मी सदतीस धरले. दुप्पट केली. अठरा मिळवले. निम्मं केलं. सदतीस वजा केले. अक्कानं डोळे मिटले होते. ते उघडून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "नऊ."

मी म्हणाले, "चार."

कुणीतरी स्टो बंद केला. मग एक ट्रकवाला हसला, त्याच्यामागे दुसरा. बायकांतून कुणीतरी म्हणालं, "मास्तरनी पोरपुढे चालनं नही तिनं." कालपर्यंत जे हात जोडत होते ते हळूच एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. अक्का उभीच होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, आबांकडे बघत होती. तिला काय वाटत होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, तिला आपल्या फजितीची फारशी पर्वा नव्हती. हे ऐकून उद्यापासून ट्रकवाले थांबणार नाहीत आणि तिचा निरोप पुढे जाणार नाही, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं.

आबांना जे हवं होतं ते त्यांच्यापुढे तयार ठेवलेलं होतं. त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. अक्काचा चमत्कार मोडला होता, लोकांनी मानलं होतं, आणि तेही कसलंही भाषण न करता. मी आबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला ती आठी दिसली, जी चुकीचं उत्तर फळ्यावर राहिलं की येई.

"किती धरले होतेस?" त्यांनी विचारलं.

"सदतीस."

"दुप्पट?"

"चौसष्ट."

आबांनी डोळे मिटून घेतले. मग लोकांकडे वळून म्हणाले, "थांबा. कुणी जाऊ नका. सदतिसाची दुप्पट किती, सगळ्यांनी करा." आणि सगळे करायला लागले! पोरांनी काडीनं मातीत आकडे लिहिले. एका ट्रकवाल्यानं टपरीच्या पत्र्यावर कोळशानं मांडलं. बायका बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या. एक म्हातारा काठी टेकून नुसता ओठ हलवत होता. "चौऱ्याहत्तर!" एक पोरगं ओरडलं. "पोरगी हातचा विसरनी!" "आता अठरा मिळवा," आबा म्हणाले. "ब्याण्णव!" "निम्मं?" या ठिकाणी थोडं भांडण झालं, पत्र्यावरचा ट्रकवाला पंचेचाळीसवर अडून बसला आणि पोरांनी त्याला पटवलं. "त्यातून सदतीस?" आणि मग सगळीकडून, मागून, पुढून, बाकांवरून एकदम आलं: "नऊ! नऊ! नऊ!"

ओट्यावरच्या जुन्या जागी बसून मी तो आवाज पुष्कळदा आठवते. आबांनी आयुष्यभर जे स्वप्न पाहिलं, की रस्त्यावरची माणसं कुणी सक्ती न करता, परीक्षेच्या धाकाशिवाय, भांडून भांडून गणित करतील, ते त्यांच्या डोळ्यांदेखत घडत होतं. आणि ते अक्काला मनातलं कळतं हे सिद्ध करण्यासाठी घडत होतं. लोक अक्काच्या पाया पडायला वाकले. "गुरुजींनी बी मानं," असं म्हणत कुणीतरी आबांच्याही पाया पडलं. आबांनी ते चार शब्द बोलायचा प्रयत्न केला. मुठी, दाणे, निम्मं. लोक मान डोलावत होते आणि अक्काच्या हातचा चहा प्रसादासारखा घेत होते.

परतीच्या एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. आबांनी तिकिटं घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "तुझी चूक नसती तर ते गणित त्यांनी केलंच नसतं." ते मला समजावत होते की खरंच तसं म्हणत होते, हे कळलं नाही. घरी आल्यावर मी सुपातले दाणे घेऊन मोरीच्या कट्ट्यावर बसले आणि मुठी उघडत, मिटत राहिले. मूठ म्हणजे किती ते माहीत नसतानाही तिला दुप्पट करता येतं, अर्धं करता येतं, परत देता येतं. शाळेत ज्याला क्ष म्हणत आणि जे बघून माझं पोट दुखे, ते म्हणजे नुसती मिटलेली मूठ. हे मला सगळं गाव बघत असताना तोंडघशी पडल्यावर कळलं. यावरून मी पुढे गणिताची प्राध्यापक वगैरे झाले असं कुणाला वाटेल, म्हणून सांगते, मी पोस्टात नोकरी केली आणि हातचा आजही विसरते.

भिका थंडीत परत आला. तो सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. सोनगीर फाट्यावर चहा प्यायलेल्या एका ट्रकवाल्यानं तिथल्या खानावळीत ही अक्काची गोष्ट सांगितली. भिका ऐकत होता. तो गाडीत बसून घरी आला, कारण, त्यानं आईला सांगितलं तसं, "तुले बठ्ठं कळसच, तं लपीसन काय करू?" अक्का त्याला घेऊन आमच्याकडे आली तेव्हा आबा ओट्यावर होते. तिनं एवढंच म्हटलं, "आकडानी धाडा त्याले." आकड्यानंच त्याला परत पाठवलं, असं ती म्हणत होती. नंतर आबांनी आईला सांगितलं की त्यांनी मनात सगळी साखळी मांडून बघितली. शेंगदाणे, टपरी, ट्रक, सुरत. आणि तिचं म्हणणं खोडून काढायला त्यांना कुठं जागा सापडली नाही.

मग भिकानं मान खाली घालून सांगितलं की तो एका विषयात नापास झाला होता, गणितात. आबा सरसावून बसले. त्यांचे डोळे चमकले, बाह्या वर गेल्या. "बस इथं. मनात एक संख्या धर."

भिका मागे सरकला. "सर," तो अगदी अजिजीनं म्हणाला, "जादू नका दाखवू. मला भ्या वाटतं. नुसतं गणित शिकवा."

आबांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी बाह्या खाली घेतल्या आणि विचारलं, "कुठं अडतं?" "सगळीकडेच." "मग पहिल्यापासून करू." भिका आमच्याकडेच राहिला. आबांनी त्याला कुठलीही गंमत न करता, कंटाळवाण्या शिक्षकासारखं, पायरी पायरीनं शिकवलं, आणि त्याच्या शेजारी मलाही बसवलं. आई दोघांना डुबुकवड्यांचं कालवण वाढी आणि आबांना म्हणे, "एवढं साधं शिकवता येत होतं, तर आधी काय झालं होतं?" पुढच्या परीक्षेत भिका पास झाला. मीही झाले.

अक्कानं मात्र भिका घरी आला त्या दिवसापासून मनातलं ओळखणं बंद केलं. तिचं काम झालं होतं. पण लोक येत राहिले. ती त्यांना सांगे, यामां काहीच नही शे, मूठ शे नि दाणा शेतस. लोक समजूतदारपणे हसत. एकदा गावातला एक बाप आपल्या दोनदा नापास झालेल्या पोराला घेऊन तिच्याकडे आला आणि पाय धरून बसला, याचं काहीतरी कर. अक्का वैतागली. म्हणाली, "त्याले सांग, रोज पहाटे ऊठ नि अभ्यास कर."

"बस? इतलंच?"

"इतलंच."

बापानं पोराला वर्षभर पहाटे उठवलं. अक्काचा शब्द म्हणून पोरानंही ऐकलं. पोरगा पास झाला, आणि बापलेक वाजतगाजत नारळ घेऊन फाट्यावर गेले. अक्कानं तो फोडला आणि अर्धा भिकाच्या हाती आमच्याकडे पाठवून दिला. आईनं तो किसून, हिरवी मिरची घालून चटणी वाटली. ताट वाढताना ती आबांना म्हणाली, "नारळ नवसाचा आहे हं. चालेल ना?"

आबा म्हणाले, "अभ्यासाचा आहे. वाढ."